‘विकेड’: दीड तासाचा अंक, दोन तास चाळीस मिनिटांचा चित्रपट

तिसरी घंटा

‘विकेड’चा दुसरा भाग चित्रपटगृहात पाहून झाल्यावर मी पहिला भाग घरी पुन्हा एकदा सलग पाहिला आणि वर्षभर मनात घोळत असलेली तक्रार आता नीट लिहून काढावी असे ठरवले. तक्रार लांबीची आहे. पण लांबीचे मला वावडे नाही. रात्री सुरू झालेली गाण्याची बैठक भैरवीपर्यंत ऐकल्याशिवाय न उठणाऱ्या घरात मी वाढले आहे. त्यामुळे बसवत नाही म्हणून मी कुरकुर करते आहे, असे कृपया समजू नये.

आधी हिशेब मांडते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ऑक्टोबर २००३ मध्ये गर्शविन थिएटरात सुरू झालेले हे संगीत नाटक पंधरा मिनिटांच्या मध्यंतरासह पावणेतीन तासांत संपते. पहिला अंक सुमारे दीड तासाचा आणि दुसरा तासाभराचा. जॉन चू यांनी केलेल्या चित्रपटाचा पहिला भाग, म्हणजे निव्वळ तो पहिला अंक, १६० मिनिटांचा आहे आणि दुसरा १३७ मिनिटांचा. दोन्ही मिळून पाच तासांना तीन मिनिटे कमी. शिवाय जाहिरातींत नाव नुसते ‘विकेड’ असेच होते. प्रत्यक्ष पडद्यावर नाव उमटले तेव्हा त्याबरोबर ‘पार्ट वन’ आले आणि माझ्या शेजारचे गृहस्थ आपल्या मुलीकडे वळून हळूच म्हणाले, “म्हणजे आज संपत नाही होय?”

हे नाटक मी काही वर्षांपूर्वी लंडनच्या अपोलो व्हिक्टोरिया थिएटरात सर्वांत स्वस्त तिकिटाच्या जागेवरून पाहिले होते. तिथून एल्फाबाचा, म्हणजे ओझ या जादूच्या देशातल्या चेटकीण नायिकेचा, हिरवा चेहरा मला करंगळीच्या नखाएवढा दिसत होता. तरीही पहिल्या अंकाच्या शेवटचे ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ सुरू झाले आणि मी खुर्चीच्या कडेवर आले. ओझचा जादूगार भोंदू आहे हे कळल्यावर एल्फाबा त्याच्या महालातून पळते, माळ्यावर कोंडली जाते, तिची मैत्रीण ग्लिंडा तिला परत फिरवू पाहते, दोघींच्या वाटा फुटतात आणि गाण्याच्या शेवटच्या टप्प्यात एल्फाबा रंगमंचावरून सरळ वर उचलली जाते. खाली यंत्र आहे आणि ते काळ्या कापडाच्या घेराने झाकलेले आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते. कळूनही अंगावर काटा येतो, कारण वर जाणारी बाई खरी असते आणि ती त्या क्षणी गात असते. सहाएक मिनिटांत सगळे आटोपते, काळोख होतो आणि लोक काही न बोलता बाहेर येऊन आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहतात.

चित्रपटात हेच गाणे सुरू होते आणि अडते. पहारेकरी दार फोडू लागतात, संवाद होतात, गाणे पुन्हा उचलले जाते, पुन्हा अडते. मग एल्फाबा खिडकीतून स्वतःला झोकून देते, पडत राहते, मनोऱ्याच्या काचेत तिला आपले लहानपणचे रूप दिसते, झाडू हाती लागतो, ती वळून वर येते आणि त्यानंतर कुठे तो शेवटचा स्वर लागतो. एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायच्या तिहाईचे दोन पल्ले वाजवून तबलजीने पान लावायला घ्यावे आणि तिसरा पल्ला नंतर वाजवावा, तसे मला वाटले. एल्फाबा झालेल्या सिंथिया इरिव्हो कमालीच्या ताकदीने गातात, चित्रीकरणाच्या वेळीच त्यांनी हे प्रत्यक्ष गायले आहे, त्यामुळे दोष गळ्याचा अजिबात नाही.

बाकीच्या ठिकाणी मला कारण दिसते, पण ते पटत नाही. सुरुवातीच्या मंचकिनलँडच्या शेतांसाठी इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये म्हणे नव्वद लाख ट्युलिप लावली होती. एवढी लावल्यावर कॅमेऱ्याचा पाय त्यांतून लवकर निघणार कसा? ओझच्या राजधानीतल्या, म्हणजे पाचूनगरीतल्या ‘वन शॉर्ट डे’ या गाण्यात तर ब्रॉडवेवरच्या मूळच्या दोन नायिका, इडिना मेन्झेल आणि क्रिस्टिन चेनोवेथ, पाहुण्या म्हणून येतात आणि त्यांच्यासाठी गाण्याच्या मध्येच एक नवा खेळ मांडलेला आहे. ज्यांनी त्या दोघींना ओळखले त्यांना आनंद झाला. माझ्या भाचीने मात्र “या कोण?” असे विचारले आणि मी उत्तर देईपर्यंत त्या निघूनही गेल्या.

एका ठिकाणी मात्र चित्रपटाने वेळ घेतला आणि तो सार्थकी लावला. ऑझडस्ट बॉलरूममध्ये एल्फाबा ती विचित्र टोपी घालून येते, सगळे हसतात, ती एकटीच, संगीताशिवाय, हातांच्या अवघडलेल्या हालचाली करत नाचू लागते आणि थोड्या वेळाने ग्लिंडा पुढे होऊन तिच्यासारख्याच हालचाली करू लागते. लंडनला मला हे दोन ठिपक्यांसारखे दिसले होते. इथे एल्फाबाच्या गालावरचा अश्रू आणि तो पुसणारे ग्लिंडाचे बोट दिसते. आता ऐका: आम्ही पुण्यात ज्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो होतो तिथे नेमके एल्फाबाने पहिला हात वर उचलल्यावर दिवे लागले आणि पडद्यावर समोशाची जाहिरात आली. इंग्रजी चित्रपटाला आपल्याकडे मध्यंतर बाहेरून लावले जाते. ते लावणाऱ्याने घड्याळाखेरीज कशाकडेही पाहिलेले नव्हते.

तर प्रश्न असा आहे, की नाटकाचा चित्रपट करताना ही जादा मिनिटे नक्की कशासाठी खर्च होतात, आणि कोणती मिनिटे तुम्हांला जड गेली?

एडिसनकर

धागा आवडला, पण निम्म्याहून अधिक मुद्द्यांशी मी असहमत आहे.

मी हा चित्रपट न्यू जर्सीत पाहिला. तिथे मध्यंतर नव्हते, त्यामुळे बॉलरूमचा प्रसंग मला अखंड मिळाला, आणि त्याच कारणाने शेवटच्या अर्ध्या तासात माझी चुळबुळ चित्रपटामुळे होती की सोड्यामुळे, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. माझ्या दोन्ही मुली मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी नाटक पाहिलेले नाही आणि गाणी फक्त गाडीत ऐकलेली आहेत. त्यांच्या दृष्टीने हा कशाचाही विस्तार नव्हता. हीच मूळ गोष्ट होती.

नाटकात डॉ. डिलामंड, म्हणजे ते इतिहास शिकवणारे बोकड प्राध्यापक, दोन-तीन प्रवेशांत येतात आणि जातात. प्राण्यांची वाचा काढून घेतली जाते आहे, हा खरे तर सगळ्या कथेचा कणा आहे. पण रंगमंचावर मला तो नेहमी तोंडी लावण्यापुरता वाटत आला. चित्रपटात त्यांच्या घरी रात्री प्राण्यांची चोरून बैठक भरते आणि एल्फाबा ती खिडकीतून पाहते. तिला लहानपणी सांभाळणारी अस्वलीण दाखवली आहे, तीही नाटकात नाही. या दोन गोष्टींमुळे एल्फाबा जादूगाराविरुद्ध का उभी राहते ते मुलींना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ती मिनिटे मी तुम्हांला कापू देणार नाही.

दोन भागांबद्दलही थोडे. संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ यांचे म्हणणे असे होते, की ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ हे पडदा पाडण्यासाठीच लिहिलेले गाणे आहे आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रसंग आणला की तो पडतोच. मग तिथे थांबणे हा नाटकाशी राखलेला इमान म्हणायला हवा, नाही का?

जुना प्रेक्षक

इमान राखले हे खरे. फक्त पंधरा मिनिटांच्या मध्यंतराच्या जागी वर्षाचे मध्यंतर दिले.

लांबीबद्दल मी थोडे जुने सांगतो, कारण हा प्रकार नवा नाही. १९६० च्या दशकात ब्रॉडवेच्या संगीत नाटकांवरचे मोठे चित्रपट मुद्दामच नाटकाच्या थाटात दाखवले जात. आधी नुसते वाद्यसंगीत, मग पहिला भाग, मग मध्यंतर, त्यानंतर पुन्हा थोडे वाद्यसंगीत आणि दुसरा भाग. ‘माय फेअर लेडी’ (१९६४) १७० मिनिटांचा आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) १७४ मिनिटांचा. या दुसऱ्याला लांब म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. त्याचे कारण असे, की पटकथाकार अर्नेस्ट लेहमन यांनी नाटक जसेच्या तसे उचलून डोंगरावर नेऊन ठेवले नाही. त्यांनी गाण्यांच्या जागा बदलल्या. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे नाटकात नायिका मारिया आणि मठाच्या प्रमुख आई गातात. चित्रपटात ते ती सांभाळत असलेल्या कॅप्टनच्या, वादळाच्या रात्री घाबरून खोलीत आलेल्या मुलांसाठी आले. कॅप्टनची ती श्रीमंत मैत्रीण आणि त्याचा मित्र मॅक्स यांची गाणी सरळ गाळली आणि रिचर्ड रॉजर्सनी दोन नवी दिली. म्हणजे चित्रपट मोठा आहे, पण त्यातून काही बाहेरही गेलेले आहे.

त्याच्या यशावर डोळा ठेवून पुढे जे आले त्यांत हे भान राहिले नाही. ‘कॅमलॉट’ (१९६७) १७९ मिनिटांचा झाला. ‘हॅलो, डॉली!’त (१९६९) अफाट गर्दीची मिरवणूक उभी केली आणि चित्रपटाचा खर्च काही भरून निघाला नाही.

तिसरी घंटा यांनी बैठकीचा उल्लेख केला आहे, त्याला धरून आपल्या संगीत नाटकांचे एक सांगावेसे वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभराच्या वर पदे होती आणि प्रयोग रात्रभर चालत. परंतु ती लांबी प्रेक्षकाने मागून घेतलेली असे. पद रंगले की वन्समोअर येई, नट पुन्हा गाई, दुसऱ्या खेपेला वेगळ्या जागा घेई. रंगले नाही की पेटीवाला पुढचे सूर धरी आणि नाटक पुढे सरके. त्यामुळे एकाच नाटकाचे दोन प्रयोग एका लांबीचे नसत. चित्रपटाला ही सोय नाही. तो प्रेक्षकाचे तोंड न पाहताच स्वतःला वन्समोअर देतो, आणि गावोगाव, खेळोखेळी तेवढाच देतो.

कात्री

मी संकलनाचे काम करतो (मालिका आणि अधूनमधून चित्रपट), म्हणून ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’वर बोलण्याचा मोह आवरत नाही.

तिसरी घंटा म्हणतात तसे गाणे अडते, हे खरे आहे. मात्र ते कोणी आळसाने अडवलेले नाही. रंगमंचावर एल्फाबा वर जाते तेव्हा धोका खरा असतो, कारण माणूस उंचावर आहे. पडद्यावर माणूस उडाला तर त्यात विशेष काय? आपण रोज कोणाला ना कोणाला उडताना पाहतो. म्हणून दिग्दर्शकाला आधी तिला पाडावे लागले. ती पडते म्हणून तिचे वर येणे मोलाचे ठरते. काचेतल्या लहान मुलीचा तो शॉट मी ठेवला असता.

माझा आक्षेप त्याच्या आधीच्या भागाला आहे. माळ्यावरचे संवाद आणि गाण्याच्या ओळी आलटून पालटून येतात, तिथे प्रत्येक वेळी ताल सोडून परत ताल धरावा लागतो. कामाच्या टेबलावर हे असे दिसते: गाण्याची पट्टी तुम्ही मधोमध फाडता, दोन तुकड्यांत चाळीस सेकंदांची जागा करता, तिथे दार फोडण्याचा आवाज आणि दोघींचे चेहरे घालता. एकदा केले तर ताण वाढतो. तिसऱ्यांदा केले की प्रेक्षक गाण्याची वाट पाहणे सोडून देतो आणि दाराकडे पाहू लागतो. गाणे मग पार्श्वसंगीत होते.

याच्या उलट टोकाची दोन उदाहरणे देतो. बॉब फॉसी यांनी ‘कॅबरे’ (१९७२) करताना नाटकातली घरातली, रस्त्यावरची गाणी काढून टाकली आणि जवळजवळ सगळे गाणे कथेतल्या नाइट क्लबच्या रंगमंचापुरते ठेवले. बाहेर एकच गाणे उरले: बिअरच्या बागेत एक गोरागोमटा पोरगा गाऊ लागतो, कॅमेरा खाली येतो आणि त्याच्या दंडावरची नाझी पट्टी दिसते. बाकी कोणी बाहेर गात नाही म्हणून ते गाणे इतके झोंबते. चित्रपट १२४ मिनिटांचा. दुसरे ‘शिकागो’ (२००२), ११३ मिनिटे. त्यात ‘क्लास’ नावाचे गाणे चित्रित झालेले होते, दोन्ही नट्या उत्तम होत्या, आणि तरीही ते कापले, कारण गाणी नायिकेच्या मनात घडतात असा चित्रपटाचा नियम होता आणि ते गाणे त्या नियमात बसत नव्हते. चित्रित केलेले गाणे कापताना काय होते ते मला विचारा. निर्माता आठवडाभर फोन करत राहतो.

एडिसनकर

कात्री, ‘शिकागो’ आणि ‘कॅबरे’ यांचे चाहते मूळ नाटकाच्या एकेका ओळीचे मालक नव्हते. ‘विकेड’चे आहेत. एखादे गाणे गाळले असते तर आज वेगळा धागा निघाला असता आणि तो बहुधा माझ्या मुलींनी काढला असता.

कात्री

ते मान्य. पण चाहत्यांच्या भीतीने काही न कापणे वेगळे आणि वर नव्वद लाख ट्युलिप लावणे वेगळे.

पिटातली रांग

माझा मुद्दा मिनिटांच्या हिशेबाला छेद देणारा आहे. टॉम हूपर यांचा ‘ले मिझराब्ल’ (२०१२) १५८ मिनिटांचा आहे. नाटकाचा प्रयोगही मध्यंतरासह तीन तासांच्या आसपास चालतो. म्हणजे चित्रपटाने वेळ मुळीच वाढवलेला नाही, आणि तरीही मला तो ‘विकेड’पेक्षा दुप्पट लांब वाटला.

नट प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी गायले, कानातल्या यंत्रातून त्यांना पियानो ऐकू येत होता, कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. ॲन हॅथवेंचे ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’ एका सलग शॉटमध्ये आहे आणि ते विलक्षण आहे, याबद्दल वाद नाही. पण रंगमंचावर त्या गाण्यानंतर टाळ्या पडतात. त्या अर्ध्या मिनिटाच्या टाळ्यांत प्रेक्षक नाक पुसतो, शेजाऱ्याकडे पाहतो, खुर्चीत सावरून बसतो. चित्रपटात टाळ्यांची जागा कोणी ठेवलेली नाही. एका आक्रोशातून थेट दुसऱ्यात, तोही तितक्याच जवळून. दीड तासानंतर मला नटांच्या दातांखेरीज काही आठवेना. लांबी मला तिथे जाणवते जिथे श्वास घ्यायला जागा नसते. ‘विकेड’मध्ये निदान ग्रंथालयातली ती गोल फिरणारी पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांवर नाचणारी मुले आहेत, हसायला ग्लिंडा झालेल्या अरियाना ग्रांडेंचे ‘पॉप्युलर’ हे गाणे आहे.

जुना प्रेक्षक

टाळ्यांचा मुद्दा फार योग्य. ‘कट्यार काळजात घुसली’चा चित्रपट २०१५ मध्ये आला तेव्हा मी तो दोनदा पाहिला. १९६७ च्या मूळ नाटकातल्या वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांची आठवण काढणारे माझ्या वयाचे बरेच जण सभागृहात होते. ‘घेई छंद’ संपले तेव्हा मागच्या रांगेतून दोघांनी चक्क “वन्समोअर!” म्हटले. पडद्यावर अर्थातच पुढचा प्रसंग सुरू झाला होता. सगळे हसले, आणि त्या हसण्यात पुढचा एक संवाद बुडाला. तो मला दुसऱ्या खेपेला ऐकू आला.

तिसरी घंटा

सर्वांचे आभार. काही मते बदलली, काही नाही.

डॉ. डिलामंड यांच्याबद्दल एडिसनकरांचे म्हणणे मी मान्य करते. पुन्हा पाहताना तो बैठकीचा प्रसंग मी बारकाईने पाहिला. बोकडाच्या चष्म्यामागचे डोळे आणि खालच्या आवाजातले बोलणे लंडनच्या त्या जागेवरून मला कधी पोचले नसते. काचेतल्या मुलीबद्दल कात्री यांचे म्हणणेही पटले; माझा राग बहुधा तिच्याआधी तीनदा अडलेल्या गाण्याचा होता आणि तो तिच्यावर निघाला.

पाहुण्या नायिकांबद्दल मात्र मी हटणार नाही. आपल्याकडे प्रयोगाला जुने नटवर्य आले तर त्यांचा सत्कार मध्यंतरात करतात, शाल-नारळ देतात, दोन शब्द बोलायला लावतात, आणि त्या वेळी ज्याला चहा प्यायचा असतो तो बाहेर असतो. चालू पदात नायिकेला थांबवून कोणी सत्कार उरकत नाही.

जुना प्रेक्षक यांच्या वन्समोअरवरून एक लक्षात आले. बॉलरूमचा तो प्रसंग मी घरी तीनदा मागे नेऊन पाहिला. ‘वन शॉर्ट डे’ एकदाही नाही.

एडिसनकर

मग घरी पाहताना मध्यंतर कुठे घ्यावे तेही सांगून टाका. येत्या शनिवारी माझे आई-वडील पहिल्यांदा पाहणार आहेत. वडिलांचे गुडघे सलग दोन तास चाळीस मिनिटे ऐकणारे नाहीत.

तिसरी घंटा

बॉलरूममध्ये दोघी मिठी मारतात, तिथे थांबवा. पुढचा प्रसंग त्यांच्या खोलीतला आहे आणि थोड्याच वेळात ‘पॉप्युलर’ सुरू होते, म्हणजे परत येणाऱ्याला एकदम हलकेफुलके मिळते. आधी थांबवू नका. आईंना समोशाची आठवण झाली तरी नाही.

एडिसनकर

ठीक आहे. चहाचे आधण मात्र मी टोपी दिसल्याबरोबर ठेवणार.